एकसष्टची लातूर

१९६१ चा सप्टेंबर आहे. फ्रान्समधल्या बोर्दोच्या उत्तरेला, पोइयाक गावाच्या दक्षिण शिवेवर, शातो लातूरच्या मळ्यात तुम्ही वाकून उभे आहात. (आपल्या लातूरशी याचं नातं फक्त उच्चाराचं.) पायाखाली माती कमी आणि गोटेच जास्त. पाऊस पडला तरी पाणी इथे साचत नाही, त्यामुळे मुळांना खोल उतरावंच लागतं. पूर्वेला जिरोंदची खाडी आहे, रुंद आणि गढूळ. वेलींमध्ये गोल दगडी कबुतरखाना उभा आहे. ज्या बुरुजावरून मळ्याला नाव पडलं, तो मात्र केव्हाच नाहीसा झाला.

हातातला काबेर्ने सोव्हिन्यों द्राक्षांचा घड हलका लागतो. ऐन फुलोऱ्यात थंडीने घात केला आणि बरीचशी फुलं फळ न धरताच गळाली. जे मणी टिकले त्यांना ऑगस्ट-सप्टेंबरच्या कोरड्या उन्हाने आटवलं. एक मणी चावून पाहा. गर गोड आहे, पण साल दाताखाली आली की हिरडा चघळल्यासारखी जीभ आक्रसते. रंग आणि बरेचसे तुरट टॅनिन सालीत असतात, आणि यंदा रसाच्या मानाने साल भरपूर आहे. मळ्यात सगळ्यांचे चेहरे मात्र पडलेले. पीक इतकं कमी आलंय की या द्राक्षांचं पुढे काय होणार, हे आत्ता सांगूनही कुणाला पटायचं नाही.

आता पुढचा हिवाळा. तळघरात २२५ लिटरची ओकची पिंपं ओळीने मांडली आहेत. लाकडाच्या छिद्रांतून वाइन थोडी थोडी उडून जाते, म्हणून कामगार पिंप पुन्हा पुन्हा काठोकाठ भरतो. दर तीन महिन्यांनी ती नितळून दुसऱ्या पिंपात घेतात. एकजण मेणबत्तीसमोर पेला धरून बसलेला आहे. धार स्वच्छ आहे तोवर तो गप्प असतो. गढूळपणाची पहिली रेघ दिसली की हात वर करतो आणि धार बंद होते. शेवटी प्रत्येक पिंपात पाच-सहा अंड्यांचा पांढरा भाग फेटून घालतात. तो खरखरीत टॅनिन धरून तळाशी बसतो. उरलेल्या बलकातूनच बोर्दोचा कानेले हा केक जन्मला, अशी दंतकथा आहे. खरीखोटी कशीही असो, मला ती आवडते.

पुढची दोन-तीन वर्षं झरझर ओलांडू. अडीच शतकांहून अधिक काळ मळा राखलेल्या घराण्याने तो इंग्रजांच्या हाती दिला. १९६४ मध्ये आंबवण्याच्या लाकडी टाक्या काढून स्टेनलेस स्टीलच्या आल्या. एकसष्टची वाइन मात्र जुन्या लाकडातच आंबलेली.

१९७१. वाइन दहा वर्षांची झाली म्हणून तुम्ही हौसेने बाटली उघडता आणि पस्तावता. पेल्यात शाईसारखा काळा रंग, वास जवळजवळ नाही आणि हिरड्या आवळणारा तुरटपणा. वाइन बिघडलेली नाही, मिटलेली आहे.

पुढच्या तीस वर्षांत खरं काम बाटलीच्या आत चालतं. टॅनिनचे आणि सालीतल्या रंगद्रव्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात. जोड वाढत वाढत जड झाला की गाळ होऊन खाली बसतो. तोंडाला बोचणारे टॅनिन कमी होतात आणि जांभळी छटा विटकरी होते. ताज्या फळाचा वास मागे सरतो, आणि देवदार, तंबाखूची पानं, चामडं, नुकतीच तासलेली पेन्सिल असे वास पुढे येतात. या सगळ्याला बारा-तेरा अंशांचा स्थिर गारवा लागतो. मराठवाड्यातला एक मे महिना या बाटलीला पुरेसा आहे. कपाटातल्या कपाटात शिजून जाईल.

वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हा समज मला नेहमीच खुपतो. जगातली बहुतेक लाल वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकावी, नंतर ती नुसती उतरते. मुरण्यासाठी मुळात आत काही साठलेलं असावं लागतं, आणि एकसष्टमध्ये ते झडलेल्या फुलोऱ्याने आणि उन्हाने साठवलं होतं. तरीही प्रत्येक बाटलीचं नशीब वेगळं. बूच सैल निघालं तर वाइन खांद्याखाली उतरते, आत हवा शिरते आणि सगळा खेळ संपतो.

आता तुमच्या काळात या. बाटली कालपासून उभी ठेवली आहे, म्हणजे गाळ तळाला बसेल. बूच ओलं आणि भुसभुशीत झालंय, घाईने ओढाल तर तुकडे आत पडतील. बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरून हळू ओता आणि गाळाची रेघ गळ्याशी आली की थांबा. कडेला विटकरी छटा, मध्ये अजून गडद लाल. आधी देवदार जाणवतो, मग अक्रोड, आणि बऱ्याच वेळाने, अगदी अनपेक्षितपणे, त्या सप्टेंबरचं काळं फळ. तुरटपणा आहे, पण आता तो वाइनला नुसता आधार देतो.

इतक्या जुन्या वाइनला हवा सोसत नाही. हा सुगंध कधी तासाभरात, कधी त्याआधीच विरायला लागतो. तेव्हा बाटलीचा फोटो, लिलावातला भाव आणि शेजाऱ्याला सांगायचं कौतुक नंतर. आधी पेला उचला.