जावे की राहावे? कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचा निर्णय

🧵 १/
देश कायमचा सोडावा की इथेच राहावे, हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातो. महाराष्ट्रातल्या एका लहानशा समाजाला तो १९४८ नंतर जवळजवळ घरटी पडला. त्यांना कोणी हाकलले नव्हते, कोणी छळले नव्हते. तरीही एका पिढीच्या आत त्यांतील बहुसंख्य निघून गेले, काही परत आले आणि परत आलेल्यांतले बरेच पुन्हा गेले. बेने इस्रायल समाजाची ही हकीकत.

२/
बेने इस्रायल म्हणजे ‘इस्रायलची लेकरे’. समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच मूठमाती देण्यात आली. हे नेमके कधी घडले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी हा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात नेला आहे.

३/
कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी शब्बाथ पाळून घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे गावांवरून पडली: दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर. शमुवेलाचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. घरची भाषा मराठी. नवस फेडायचा तो एलियाहू हन्नाबीचा, आणि त्यासाठी मांडायचा मलिदा गूळ-खोबरे घातलेल्या पोह्यांचा.

४/
अठराव्या शतकात हा समाज मुंबईकडे सरकू लागला. इंग्रजांच्या फौजेत त्यांना मान मिळाला. सामाजी हसाजी दिवेकर याच फौजेतले. त्यांनी १७९६ मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. पुढे लष्करातली भरती जातवार तुकड्यांनी होऊ लागली, तसा या लहान समाजाचा तिथला वाव कमी झाला. मग रेल्वे, टपाल, तारखाते, जकात आणि सरकारी कचेऱ्या हे त्यांचे आधार बनले.

५/
त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वसाधारण बेने इस्रायल घर हे पगारदार, शिक्षणाची ओढ असलेले आणि मराठी वाचणारे घर होते. केहिमकरांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये समाजाची शाळा निघाली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. १८८० पासून बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. हे लोक महाराष्ट्रात नुसते राहत नव्हते, धर्मसुद्धा मराठीतून सांगत होते.

६/
१८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथे पहिली झायनवादी परिषद भरली. तिचे निमंत्रण मुंबईलाही आले होते. पण पवित्र भूमीकडे परत नेणे हे ईश्वराचे काम आहे, ते माणसांच्या ठरावांनी व्हायचे नाही, अशी समाजधुरीणांची भूमिका होती, आणि त्यांनी नकार कळवला. ‘पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये’ ही वल्हांडणाच्या रात्रीची प्रार्थना होती. त्यासाठी कोणी सामानाची बांधाबांध करत नव्हते.

७/
पन्नास वर्षांत चित्र पालटले. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला, १९४८ मध्ये इस्रायल अस्तित्वात आले. जुलै १९५० मध्ये तिथे ‘परतीचा कायदा’ संमत झाला आणि जगातल्या कोणत्याही यहुदी व्यक्तीला तिथे येऊन स्थायिक होण्याचा हक्क मिळाला. भारताने सप्टेंबर १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली आणि जाणाऱ्यांची वाट अडवली नाही. प्रार्थनेतले जेरुसलेम आता अर्ज भरून गाठता येण्यासारखे झाले.

८/
मग निघावे असे का वाटले? धर्मभावना होतीच. शिवाय इंग्रज गेल्यावर रेल्वे, तार आणि जकात खात्यांतला आपला जुना आधार टिकेल का, अशी धास्ती अनेकांना होती. इतक्या लहान समाजाला मतांच्या राजकारणात वजन नव्हते. मुलामुलींची लग्ने समाजातच व्हावीत ही इच्छा होती, आणि समाज विखुरला तर स्थळे आणायची कुठून, ही काळजी. एक भाऊ गेला की दुसऱ्याचे मन इथे रमेना.

९/
आणि राहावे असे का वाटले? इथे नोकरी होती, पुढे पेन्शन होती. भाषा आपली होती. शेजाऱ्यांशी वैर नव्हते. जगातल्या बहुतेक यहुद्यांना स्थलांतराचे कारण छळाने पुरवले, इथे ते कारणच नव्हते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने तर प्रश्न अधिकच कठीण: साठीनंतर हिब्रू लिपी गिरवायची, थंडी सोसायची आणि आईवडिलांच्या कबरी मागे ठेवून जायचे.

१०/
व्यवहाराची बाजूही होती. १९४७ च्या परकीय चलन नियंत्रण कायद्यामुळे इथली पुंजी मनाजोगती बाहेर नेता येत नसे. त्याच वर्षीच्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुन्या भाड्याची खोली हीच मध्यमवर्गीय घराची मोठी मिळकत झाली होती. ती एकदा सोडली की त्या भाड्यात पुन्हा मिळणे नाही. म्हणून ‘जाऊन तर बघू’ हा पर्याय फार थोड्यांना परवडणारा होता.

११/
परिणामी घरेच्या घरे एकदम उठली नाहीत. पुष्कळदा अविवाहित तरुण आधी गेले, मग भावंडे आणि शेवटी, मन घट्ट करून, आईवडील. भारतातल्या इतर यहुद्यांशी तुलना केली की हे वेगळेपण उठून दिसते. कोचीनचे यहुदी १९५० च्या दशकात बहुतांशी समूहाने गेले आणि नेवातीमसारख्या शेतवस्त्यांत एकत्र राहिले. बगदादी यहुद्यांपैकी अनेकांनी इंग्लंड-ऑस्ट्रेलिया गाठले. बेने इस्रायल मात्र घराघराने, दोन-अडीच दशके जात राहिले.

१२/
जे आधी पोहोचले त्यांच्या वाट्याला काय आले? १९४८ ते १९५१ या काळात इस्रायलमध्ये जवळपास सात लाख स्थलांतरित आले, देशाची लोकसंख्या दुपटीवर गेली. राहायला तंबू आणि पत्र्याच्या छावण्या, खायला रेशन. मुंबईत कारकुनी केलेल्या माणसाला बिरशेबाच्या वाळवंटात मजुरी करावी लागली. इंग्रजी आणि मराठी दोन्ही उत्तम येत असूनही हिब्रूवाचून तो तिथे निरक्षरच ठरला.

१३/
हालअपेष्टा सर्वांनाच होत्या. भारतीयांना अधिक बोचला तो वर्णभेद. ‘काळ्यांना काळा पाव’ असे म्हणून आपल्याला पांढरा पाव नाकारला जातो, ही बिरशेबातल्या भारतीयांची तक्रार त्या काळी फार गाजली. १९५१ च्या अखेरीस त्यांच्यातल्या एका गटाने तेल अवीवमध्ये ज्यूइश एजन्सीच्या दारात ठिय्या दिला. मागणी एकच: आम्हाला भारतात परत पाठवा.

१४/
‘परतीच्या’ कायद्याने गेलेली माणसे आता दुसऱ्याच परतीची मागणी करत होती. नव्या राष्ट्राला हे फार लाजिरवाणे होते. ठिय्ये झाले, उपोषणे झाली. अखेर १९५२ ते १९५४ या काळात ३३७ जणांना कुटुंबांसह भारतात परत पाठवण्यात आले.

१५/
गोष्ट इथे संपत नाही. या ३३७ जणांपैकी बहुतेक काही वर्षांनी पुन्हा इस्रायलला गेले. हे धरसोडीचे लक्षण म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण परतलेल्याची स्थिती पाहावी. नोकरी गेलेली, खोली दुसऱ्याकडे, आणि सिनेगॉगमधले ओळखीचे चेहरे एकेक करून तिकडेच निघालेले. ज्या मुंबईसाठी उपोषण केले ती मुंबई त्यांच्या पाठीमागे बदलून गेली होती.

१६/
इस्रायलमध्ये राहिलेल्यांपुढे लवकरच त्याहून खोल प्रश्न उभा राहिला: तुम्ही यहुदी आहात का? तिथे विवाहाचे अधिकार धर्मपीठाकडे आहेत. शतकानुशतके एकाकी राहिलेल्या या समाजाने घटस्फोट आणि पुनर्विवाहाचे धर्मनियम काटेकोर पाळले असतील का, अशी शंका काही रब्बींनी घेतली. वास्तविक कोकणातल्या शेजाऱ्यांप्रमाणे या समाजातही विधवाविवाह आणि घटस्फोट क्वचितच होत, असा बचाव समाजाच्या बाजूने मांडला गेला.

१७/
ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांशी विवाहाला तत्त्वतः मान्यता दिली. पण १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या काळात निघालेल्या सूचनांनी ती मान्यता पोकळ केली. विवाह नोंदवण्यापूर्वी वधू-वरांच्या मातृकुळाची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असे त्यांत म्हटले होते. आजीची आजी कोण, याचा दाखला रोहा-पेणच्या माणसाने कोणत्या दप्तरातून आणावा?

१८/
कोकणात ज्यांची ओळखच ‘शनिवारी काम न करणारे’ अशी होती, त्यांना शब्बाथच्या देशात आपले यहुदीपण सिद्ध करावे लागत होते. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल बायका-मुलांसह जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इस्रायली संसदेचे विशेष अधिवेशन झाले. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असल्याची भूमिका घेतली. महिन्याअखेरीस धर्मपीठाने सूचनांतून या समाजाचा नामोल्लेख काढला.

१९/
या बातम्या मुंबईत पोहोचत होत्या. मग लोक जायचे थांबले का? जनगणना वेगळेच सांगते. भारतातील यहुद्यांची संख्या १९५१ मध्ये सुमारे २६ हजार होती, १९६१ मध्ये साडेअठरा हजारांच्या आसपास आणि १९७१ मध्ये सहा हजारांहून कमी. यात कोचीनी आणि बगदादीही आले, पण सर्वांत मोठा गट बेने इस्रायलांचाच. म्हणजे अपमानाचा हा काळ आणि सर्वाधिक स्थलांतराचा काळ जवळजवळ एकच.

२०/
याचे कारण असे दिसते की निर्णय आता दोन देशांमधला राहिला नव्हता. निम्मे घर तिकडे गेल्यावर इकडे राहणे म्हणजे लेकरांपासून दुरावणे होते. सिनेगॉगमध्ये सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, गावोगावी ते दहा जमेनासे झाले. पहिल्या कुटुंबाने निवड केली होती. शेवटच्या कुटुंबापुढे फारशी निवड उरली नव्हती.

२१/
तरीही काहीजण राहिले, आणि ठामपणे राहिले. इंग्रजीत लिहिणारे कवी निस्सीम एझिकेल यांनी मुंबई हेच आपले शहर मानले आणि २००४ मध्ये तिथेच देह ठेवला. बेंजामिन अब्राहम सॅमसन भारतीय नौदलात मोठ्या हुद्द्यावर पोहोचले. अशा नावांच्या पलीकडे अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, ठाणे येथे सिनेगॉगच्या किल्ल्या सांभाळणारी घरे होती. त्यांची नावे इतिहासात येणार नाहीत.

२२/
गेलेल्यांनीही सारे मागे टाकले नाही. दिमोना, अश्दोद, लोद, बिरशेबा येथे मलिदा होत राहिला, लग्नाआधी मेंदी लागत राहिली. १९८० च्या दशकात तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक सुरू झाले. भारतात असताना जी भाषा गृहीत धरली होती, ती तिथे जाणीवपूर्वक जपावी लागली. नातवंडे अर्थातच हिब्रूत वाढली.

२३/
कायद्याच्या भिंती पुढे थोड्या सैल झाल्या. १९९२ मध्ये भारत-इस्रायल पूर्ण राजनैतिक संबंध जुळले. दुहेरी नागरिकत्व भारतात आजही नाही, परंतु गेल्या दोन दशकांत परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डामुळे ये-जा आणि वास्तव्य सुकर झाले. २०१६ मध्ये महाराष्ट्राने यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. १९५२ मध्ये या सोयी असत्या तर किती घरांचा निर्णय वेगळा झाला असता, याचे उत्तर इतिहासाकडे नाही.

२४/
या समाजाच्या निर्णयाला बरोबर किंवा चूक ठरवण्याचा अधिकार नंतरच्यांना नाही. हिशेबात नोकरी, खोली, पेन्शन सारे धरले होते. आपण निघाल्यावर मागची गल्ली कशी रिकामी होईल, हे मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हते. अलिबागच्या इस्रायल आळीत सिनेगॉग आजही उभे आहे. तिथून थोड्या अंतरावर नवगावला पूर्वजांचे स्मारक आहे. अलिबागला केवळ समुद्रासाठी जाणाऱ्यांनी एकदा तिकडेही वळावे.