अबाइड विथ मी

एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध इंग्रजी ख्रिस्ती भक्तिगीत. रचनाकार हेन्री फ्रान्सिस लाइट (१ जून १७९३ – २० नोव्हेंबर १८४७). ‘इव्हनटाइड’ या चालीवर ते गायले जाते. गीताचा आधार लूककृत शुभवर्तमानातील (२४:२९) अम्माऊसच्या वाटेवरील प्रसंग आहे : दिवस कलल्यामुळे दोन शिष्य पुनरुत्थित येशूला ओळख न पटताच मुक्कामाचा आग्रह करतात. लाइटने या आग्रहाला मरणासन्न माणसाच्या प्रार्थनेचे रूप दिले. गीतातली संध्याकाळ आयुष्याची आहे.

लाइटचा जन्म स्कॉटलंडमधील एडनम येथे झाला. वडिलांनी कुटुंबाकडे पाठ फिरवल्यावर आयर्लंडमधील एनिस्किलन येथील पोर्टोरा रॉयल स्कूलच्या मुख्याध्यापकांनी त्याला आधार दिला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकत असताना इंग्रजी काव्याचे पारितोषिक त्याने तीनदा मिळवले. १८१५ मध्ये त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पुढे कॉर्नवॉलमधील मॅरेझायन येथे असताना एका मरणोन्मुख सहकारी धर्मगुरूच्या सहवासात त्याची श्रद्धा अधिक उत्कट झाली. १८२४ पासून तो डेव्हन परगण्यातील ब्रिक्सम या कोळ्यांच्या बंदरगावी पाळक होता. तेथे त्याने मोठी संडे स्कूल चालवली आणि बोटींवर बायबलच्या प्रती पोहोचवल्या. <em>द स्पिरिट ऑफ द साम्स</em> (१८३४) या त्याच्या स्तोत्ररूपांतरांच्या संग्रहातील ‘प्रेझ, माय सोल, द किंग ऑफ हेवन’ हे गीतही आजवर लोकप्रिय आहे. तो दीर्घकाळ क्षयाने आजारी होता. सप्टेंबर १८४७ मध्ये ब्रिक्समला शेवटचे प्रवचन देऊन तो हवापालटासाठी दक्षिणेकडे निघाला. नीस येथे त्याचे निधन झाले व तेथेच दफन करण्यात आले.

रचनाकाळाविषयी दोन मते आहेत. लाइटच्या मुलीने १८५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणीनुसार, शेवटच्या प्रवचनाच्या दिवशी संध्याकाळी त्याने हे गीत स्वतःच्या चालीसह घरातील व्यक्तीच्या हाती दिले. दुसऱ्या मतानुसार ते १८२० च्या सुमारास एका मित्राच्या मृत्युशय्येजवळ सुचले. मात्र मुलीच्या कथनातून गीत सुपूर्त केल्याचा दिवस कळतो. ते त्याच दिवशी लिहिले, असे त्यावरून ठरत नाही.

मूळ गीतात आठ कडवी आहेत. उपासनेत बहुधा पाच गातात. वगळलेल्या तीन कडव्यांपैकी एकात कवीने तरुणपणी देवाकडे फिरवलेल्या पाठीचा उल्लेख आहे. हा आत्मचरित्रात्मक भाग गळल्याने गीत कोणाच्याही तोंडी शोभू लागले. लाइटची चाल मागे पडली. १८६१ च्या <em>हिम्स एन्शंट अँड मॉडर्न</em> या गायनपुस्तकासाठी त्याचे संगीत-संपादक विल्यम हेन्री मंक यांनी दिलेल्या चालीने त्याचा प्रसार झाला.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश परिचारिका इडिथ कॅव्हेल हिने १९१५ मध्ये ब्रसेल्स येथे मृत्युदंडाच्या आदल्या रात्री धर्मगुरूसोबत हे गीत म्हटले. इंग्लंडमध्ये १९२७ पासून एफए कप फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी ते गायले जाते. महात्मा गांधींचे ते आवडते गीत होते. दिल्लीच्या विजय चौकातील २९ जानेवारीच्या ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यात त्याची धून अनेक दशके वाजत असे. २०२२ मध्ये ती वगळून कवी प्रदीप यांच्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची धून घेण्यात आली.