ऑलिम्पिकमधील द्वंद्वक्रीडा आणि महाराष्ट्र

दोन खेळाडूंनी समोरासमोर झुंजायचे ऑलिम्पिकमधील खेळ म्हणजे द्वंद्वक्रीडा. कुस्ती, मुष्टियुद्ध (बॉक्सिंग), तलवारबाजी (फेन्सिंग), ज्युदो आणि तायक्वांदो हे त्यांतील प्रमुख प्रकार. कुस्ती आणि तलवारबाजी 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकपासून, मुष्टियुद्ध 1904 पासून, ज्युदो 1964 पासून, तर तायक्वांदो पदकांचा खेळ म्हणून 2000 पासून खेळले जातात. महाराष्ट्राचा या खेळांशी संबंध मुख्यतः कुस्तीतून आला. खाशाबा जाधव यांचे 1952 चे कांस्यपदक हे या गटातील राज्याचे एकमेव ऑलिम्पिक पदक आहे. गावोगाव तालमी असलेल्या राज्याला दुसरे पदक का मिळाले नाही, याच्या कारणांत वजनगट, आखाड्याचा पृष्ठभाग आणि बक्षिसांची रीत यांचा वाटा मोठा आहे.

आरंभ. 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय पथक गेले ते सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने. या प्रयत्नांचे एक केंद्र पुण्याचे डेक्कन जिमखाना होते. पथकात कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. फ्रीस्टाइल प्रकारातील फेदरवेट गटात शिंदे चौथे आले. मातीत तयार झालेल्या मल्लाने परक्या नियमांखाली पहिल्याच प्रयत्नात पदकाच्या उंबरठ्यापर्यंत मजल मारली होती. पुढच्या तीन दशकांत मात्र त्यावर काही उभे राहिले नाही. त्या काळात कुस्तीचा आश्रय संस्थानिकांकडे होता. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबाग मैदान उभारले. राजाश्रयाचा मल्ल मोठ्या मैदानात नामांकित जोडीला चितपट करण्यासाठी तयार होत असे. परदेशातील वजनगटवार स्पर्धा त्याच्या विचारात नसे.

खाशाबा जाधव. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर येथे झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. शालेय शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये, तर महाविद्यालयीन शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात झाले. अंगाने लहान पण चपळ असलेले खाशाबा ढाक या डावासाठी ओळखले जात.

1948 च्या लंडन ऑलिम्पिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक मदतीने गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. मॅटवरच्या कुस्तीचा आणि तिच्या नियमांचा त्यांना फारसा सराव नव्हता. लंडनमध्ये रीस गार्डनर या माजी अमेरिकी मल्लाचे मार्गदर्शन त्यांना लाभले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी निवड मिळवताना त्यांना वाद घालावा लागला आणि पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागावी लागली. प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले.

हेलसिंकीत ते 57 किलोच्या बँटमवेट गटात खेळले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याकडून आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव यांच्याकडून ते हरले. या दोघांना अनुक्रमे सुवर्ण आणि रौप्य मिळाले. इशी यांच्याशी दीर्घ लढत झाल्यावर पुरेशी विश्रांती न देता खाशाबांना पुढच्या कुस्तीला उतरवले आणि हरकत घ्यायला भारतीय अधिकारी हजर नव्हता, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. 23 जुलै 1952 रोजी मिळालेले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ठरले. परतल्यावर गोळेश्वरकरांनी त्यांची 151 बैलगाड्यांची मिरवणूक काढली. याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. एकाच ऑलिम्पिकमध्ये एक कांस्य आणि एक चौथा क्रमांक, ही राज्याची द्वंद्वक्रीडेतील सर्वोत्तम कामगिरी होय.

1955 मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव आहे आणि 15 जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

नंतरचे मल्ल. सांगली जिल्ह्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर 1960 चे हिंदकेसरी. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण व फ्रीस्टाइलमध्ये रौप्य जिंकले आणि 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये भाग घेतला. पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी अनेक मल्ल घडवले. कवठेपिरानचे मारुती माने यांनीही जकार्तात सुवर्ण मिळवले आणि 1964 मध्ये हिंदकेसरीचा किताब पटकावला. आशियाई पातळीवरचे हे यश वरच्या वजनांतले होते.

नरसिंग यादव सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये 74 किलो गटात ते पहिल्याच फेरीत हरले. 2015 च्या लास व्हेगास जागतिक स्पर्धेतील कांस्यपदकाने त्यांनी 2016 च्या रिओ ऑलिम्पिकसाठी भारताची जागा मिळवली. मात्र उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात क्रीडा लवादाने 18 ऑगस्ट 2016 रोजी चार वर्षांची बंदी घातल्यामुळे ते रिओत मॅटवर उतरू शकले नाहीत. त्यानंतर टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये द्वंद्वक्रीडेत महाराष्ट्राचा खेळाडू नव्हता.

बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांची कारकीर्दही या संदर्भात महत्त्वाची आहे. पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार आणि पुढे काका पवार यांच्या हाताखाली ते तयार झाले. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलोत सुवर्ण आणि 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलोत कांस्य त्यांनी जिंकले. जागतिक स्पर्धेत फ्रीस्टाइलचे दहा वजनगट असतात, ऑलिम्पिकमध्ये सहाच (57, 65, 74, 86, 97 आणि 125 किलो). 61 किलो गट ऑलिम्पिकमध्ये नाही. ऑलिम्पिकमध्ये खेळण्याची संधी आवारे यांना मिळाली नाही.

गदा आणि वजनगट. 1961 पासून सुरू असलेली महाराष्ट्र केसरी ही राज्यातील सर्वांत मानाची स्पर्धा. मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून विजेत्याला चांदीची गदा दिली जाते. गदेची लढत 86 ते 125 किलोच्या खुल्या गटात, मातीवरचा विजेता आणि मॅटवरचा विजेता यांच्यात होते. खालच्या वजनांच्या कुस्त्याही अधिवेशनात होतात, पण नाव, इनाम आणि नोकरीची शक्यता गदेभोवतीच एकवटते. जत्रेच्या फडातही शेवटची, सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती भारदस्त जोडीचीच लावली जाते. त्यामुळे होतकरू मल्लाचा कल खुराक वाढवून वरच्या वजनात जाण्याकडे असतो.

कुस्तीतील भारताची ऑलिम्पिक पदके मात्र बहुतांशी खालच्या वजनांत आली आहेत. सुशील कुमार (2008 व 2012) 66 किलोत, योगेश्वर दत्त (2012) 60 किलोत आणि बजरंग पुनिया (2020) 65 किलोत पदक मिळवते झाले. 57 किलोत रवी दहिया (2020) यांनी रौप्य आणि अमन सेहरावत (2024) यांनी कांस्य जिंकले. खाशाबांचे वजनही हेच होते.

माती आणि मॅट यांचा फरकही निर्णायक आहे. फडात कुस्ती चितपट करूनच निकाली काढण्याकडे कल असतो. दम राखून दीर्घकाळ झुंजता येते. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुणांवर निकाल लागू शकतो. तिथे पायांवरची पकड, वेगवान चढाई आणि गुणांचा हिशेब यांना महत्त्व येते. दोन्हींचा सराव करणाऱ्या मल्लाला वर्षभराच्या फडांचा हंगाम आणि राष्ट्रीय निवड चाचण्या यांचा मेळ घालावा लागतो.

साखरपट्टा आणि तालमी. संस्थाने गेल्यावर पश्चिम महाराष्ट्रात कुस्तीच्या आश्रयदात्यांत सहकारी साखर कारखाने आले. कागलच्या शाहू कारखान्याने मल्लांना मानधन देण्याची आणि मॅटवरच्या स्पर्धा भरवण्याची प्रथा रुजवली. वारणानगरचे कुस्ती मैदान प्रसिद्ध आहे. नीरा खोऱ्यातील बारामती आणि इंदापूर हे तालुके याच साखरपट्ट्यात मोडतात. सोमेश्वरनगर, माळेगाव आणि भवानीनगर ही तेथील कारखान्यांची गावे. यात्रा-उरुसातले फड या भागात कुस्तीला प्रेक्षक आणि पैसा मिळवून देतात. मॅट, मार्गदर्शक आणि आंतरराष्ट्रीय दर्जाची जोड यांसाठी मात्र मल्लाला पुण्याची वाट धरावी लागते. बारामतीचे शरद पवार यांनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे, तर अजित पवार यांनी महाराष्ट्र ऑलिम्पिक असोसिएशनचे अध्यक्षपद दीर्घकाळ भूषवले. राज्याच्या क्रीडासंघटनांत या तालुक्याचे वजन त्यामुळे राहिले आहे.

मुष्टियुद्ध. भारतीय मुष्टियोद्धे ऑलिम्पिकमध्ये प्रथम 1948 साली उतरले. पहिले पदक 2008 मध्ये विजेंदर सिंह यांचे, त्यानंतर 2012 मध्ये मेरी कोम आणि 2020 मध्ये लवलिना बोर्गोहाईं यांचे. तिन्ही पदके कांस्य आहेत. महाराष्ट्रातून 1988 च्या सोल ऑलिम्पिकला मनोज पिंगळे (फ्लायवेट) आणि शाहूराज बिराजदार (बँटमवेट) गेले होते. राज्यात हा खेळ लष्करी छावण्या, रेल्वे, पोलीस आणि मुंबई-पुण्यातील क्लब यांच्या आधाराने वाढला. कुस्तीसारखा ग्रामीण पाया त्याला मिळाला नाही.

सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे लष्कराच्या ईएमई दलातील मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आल्यावर ते पोहण्याकडे वळले. 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल जलतरणात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे हे पहिले सुवर्ण होते.

तलवारबाजी व ज्युदो. ऑलिम्पिकमध्ये खेळलेली पहिली भारतीय तलवारबाज चेन्नईची भवानी देवी. टोकियोत 26 जुलै 2021 रोजी सेबर प्रकारात तिने ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीला 15–3 असे हरवले आणि पुढच्या फेरीत फ्रान्सच्या मानों ब्रुने हिच्याकडून 7–15 अशी हार पत्करली. महाराष्ट्रातून अद्याप कोणी तलवारबाज ऑलिम्पिकला गेलेला नाही. ज्युदोत मुंबईचे कावस बिलिमोरिया 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये हेवीवेट गटात खेळले.

प्रशिक्षण. 2001 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूटमध्ये कुस्ती, मुष्टियुद्ध आणि तलवारबाजी या तिन्ही द्वंद्वक्रीडांचे प्रशिक्षण दिले जाते. तेथे घडणारे खेळाडू देशभरातून येतात आणि सेनादलांकडून खेळतात, म्हणून त्यांच्या यशाची नोंद राज्याच्या नावावर होत नाही. काका पवार यांचे पुण्यातील कुस्ती संकुल हे खाजगी पातळीवरील प्रमुख केंद्र आहे. तेथील सरावाचा भर मॅटवर असतो. ग्रामीण तालमीत मातीवर तयार झालेला हलक्या वजनाचा मल्ल अशा केंद्रात किती लवकर पोहोचतो आणि वजन न वाढवता तेथे टिकण्याइतके मानधन त्याला मिळते का, यावर राज्याच्या पुढच्या ऑलिम्पिक पदकाची शक्यता बरीचशी अवलंबून आहे.