बोंबील, भरती आणि डोल

मुंबईच्या बोंबलाची शास्त्रात पहिली नोंद झाली ती मात्र बंगालच्या बाजूने. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने 1822 साली गंगेच्या माशांवर ग्रंथ छापला, त्यात हा मासा आहे. शेपटीजवळचा मऊ, बिनकाट्याचा पर पाहून की काय, त्याने बोंबलाला थेट थंड समुद्रातल्या ऑस्मेरस माशांच्या पंगतीत बसवलं. पुढे ही पंगत बदलली. आज त्याचं शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरियस आणि कुळ सायनोडॉन्टिडी. याच कुळातल्या दुसऱ्या एका माशाला आपले कोळी चोरबोंबील म्हणतात. ग्रंथ न चाळताही नातं बरोबर जुळलं होतं.

ओळखायला बोंबील सोपा. पांढुरकं, आरपार दिसेलसं अंग, त्यावर बारीक काळपट ठिपके, शेपटीला तीन टोकं आणि डोळ्यांच्या पार मागे फाटलेलं, आत वळलेल्या दातांचं तोंड. एवढा लिबलिबीत जीव शिकारी असेल असं वाटत नाही. पण पोट फाडलं की जवळा निघतो, कधी चक्क बोंबलाचं पिल्लूही.

सौराष्ट्रापासून रत्नागिरीपर्यंतच्या गढूळ, उथळ पाण्यात तो उदंड. त्याखाली दक्षिणेकडे विरळ होतो आणि थेट पूर्व किनाऱ्यावर, बंगाल-ओडिशाकडे पुन्हा भेटतो.

आपल्याकडच्या भरती-ओहोटीला जोर मोठा, आणि बोंबील पकडायची डोल त्याच जोरावर चालते. समुद्रात रोवलेल्या खुंटांना हे लांबलचक, निमुळतं जाळं बांधायचं, तोंड प्रवाहासमोर धरायचं आणि थांबायचं. पाण्याच्या ओढीने मासळी आपोआप शेपटाकडे लोटली जाते. प्रवाह मंदावला की जाळं उचलायचं. माशाचा पाठलाग नाहीच. सगळी मदार पाण्याच्या वेळेवर.

जाळ्यात आलेला बोंबील टिकवणं हे खरं संकट. अंगात सुमारे 90 टक्के पाणी, त्यामुळे उन्हात तासाभरात त्याची रया जाते. म्हणून तो वलांडीवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, सुकवायचा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. ना गाठ, ना खिळा. त्या वाकड्या दातांचा माणसाला झालेला हा उपयोग.

हाच सुका बोंबील ब्रिटनमध्येही आवडीने खाल्ला जाई. 1997 मध्ये युरोपच्या आरोग्यनियमांनी त्याची वाट अडवली, तेव्हा तिथल्या खवय्यांनी मोहीमच काढली. पुढे मान्यताप्राप्त कारखान्यात बांधलेल्या मालाला परवानगी मिळाली.

महाराष्ट्राने 2023 साली राज्यमासा ठरवला तो पापलेट. बोंबलावर हा अन्यायच झाला.