व्हिलन कुठल्या गावचा?

मंडळी, इंग्रजीतलं 'व्हिलनस' हे विशेषण आपल्याला नवीन नाही. हलकट, नीच, कपटी, असा त्याचा अर्थ. हिंदी सिनेमाने तर 'व्हिलन' आपल्या घरात आणून बसवलाय. पण या शब्दाचं मूळ गाव शोधायला निघालं की भलतीच गंमत हाती लागते. गंमत म्हणायची, पण ती थोडी टोचणारी आहे.

लॅटिनमध्ये 'व्हिला' म्हणजे शेतीवाडीसकट असलेला वाडा. त्या वाड्याच्या जमिनीवर राबणारा तो 'व्हिलानस'. म्हणजे चक्क शेतकरी! इंग्लंडच्या राजाने १०८६ साली देशभरच्या जमिनीची मोजदाद करवली, ती डोम्सडे बुक म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात नोंदलेल्या लोकांत सर्वांत मोठा वर्ग या 'व्हिलानीं'चाच आहे. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत कायद्याने त्यांना जमिनीशी बांधून टाकलं. मालकाच्या शेतावर वेठ करायची, त्याला विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही, मुलीचं लग्न करायचं तर मालकाला पैसे भरायचे.

१३४८-४९ च्या प्लेगमध्ये माणसं पटापट मेली, मजूर मिळेनासे झाले. उरलेल्यांनी जास्त मजुरी मागितली, तर १३५१ मध्ये मजुरी गोठवणारा कायदा आला. वर १५ वर्षांवरच्या माणसांवर डोईपट्टी बसली. १३८१ च्या जूनमध्ये लोक लंडनवर चालून गेले. चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्ड राजाने १४ जूनला त्यांना वेठीतून मुक्त करण्याचं लेखी वचन दिलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा पुढारी वॉट टायलर मारला गेला आणि महिन्याभरात ती वचनं रद्दही झाली.

आता सांगा, यात 'व्हिलनस' कोण?

पण शब्दकोश जिंकणाऱ्यांच्या बाजूने गेला. लिहिणारे आणि लिहवून घेणारे वाड्यातले होते. त्यांच्या नजरेत राबणारा माणूस म्हणजे अडाणी, अडाणी म्हणजे असंस्कृत, आणि असंस्कृत म्हणजे दुष्ट. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मध्ये पहिल्याच प्रवेशात मोठा भाऊ धाकट्याला 'व्हिलन' म्हणतो तो बदमाश या अर्थाने. धाकटा मात्र आपण कुलीन बापाचे मुलगे असल्याचं सुनावतो! म्हणजे १६०० च्या आसपास दोन्ही अर्थ प्रेक्षकांना कळत होते. 'नोबल' या शब्दाचं नेमकं उलटं झालं. उमराव घराण्यातला तो आपोआप थोर मनाचा ठरला. सी. एस. लुईस यांनी १९६० च्या 'स्टडीज इन वर्ड्स' या पुस्तकात हीच वाट दाखवली आहे: दर्जाचे शब्द चारित्र्याचे शब्द होतात.

आणि आपण? आपल्या घरी पोरांना लाडाने 'बदमाश' म्हणतात. त्यातला 'मआश' म्हणजे उपजीविका, म्हणजे बदमाश हा वाईट धंद्यावर जगणारा. 'गावंढळ' तर उघडच गावातून आलेला. पण 'भामटा' म्हणताना मी आता जरा थांबते. हे नाव महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, आणि तो शिक्का कागदावरून पुसायला १९५२ साल उजाडलं. कागदावरून पुसला, आपल्या जिभेवरून नाही. त्या जातीतलं एखादं मूल वर्गात बसलेलं असतं आणि बाई फळ्यावर लिहितात: भामटा = लबाड. त्या मुलाने वहीत काय उतरवायचं?

बाकी, काळाचा विनोद बघा. आज लोणावळ्याला 'व्हिला' घेणारा प्रतिष्ठित, आणि त्या शब्दातला राबणारा माणूस मात्र अजून पडद्यावर मार खातोय.

तुमच्याकडच्या बोलीत असे शब्द असतील तर जरूर कळवा. मावशी, तुझ्याकडे तर खजिनाच असणार!