आकृतिविभाजन, सादरीकरण-आज्ञावलीतील

संगणकावर स्लाइड तयार करण्याच्या आज्ञावलीत काढलेल्या आकृतीची बाह्यरेषा तिच्यावरील बिंदू हलवून, वाढवून वा काढून टाकून सुधारणे यास आकृतिसंपादन म्हणतात. एका आकृतीपासून दोन किंवा अधिक स्वतंत्र आकृत्या निर्माण करणे यास आकृतिविभाजन म्हणतात. यवतमाळ जिल्ह्याची बाह्यरेषा काढून तीतून पुसद, दारव्हा, वणी इ. सोळा तालुके वेगळे करावयाचे, हे या दोन्ही क्रियांचे बोलके उदाहरण होय. जिल्ह्याच्या ईशान्येस वर्धा व दक्षिणेस पैनगंगा या नद्यांची सीमा आहे. नदीची वळणे सरळ रेषाखंडांनी नीट वठत नाहीत, ही पहिली अडचण. तालुक्यांमधील सीमा दोन शेजाऱ्यांची सामाईक असते, ही दुसरी. पहिली अडचण गणिताने पूर्णपणे सोडविली आहे. दुसरी मात्र सादरीकरण-आज्ञावल्यांत अद्याप सुटलेली नाही. आणि विशेष म्हणजे संगणकीय रेखनाच्या आरंभीच्या काळात ती बव्हंशी सुटलेली होती.

आयव्हन सदरलंड यांनी मॅसॅच्यूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील आपल्या प्रबंधासाठी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली सिद्ध केली. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येत. तीत रेषा स्वतःचे टोक स्वतःपाशी बाळगीत नसे. ती एका बिंदूकडे निर्देश करी व त्याच बिंदूकडे इतर रेषाही निर्देश करू शकत. त्यामुळे बिंदू सरकविला की, त्याला जोडलेल्या सर्व रेषा बरोबर सरकत. दोन तालुक्यांची हद्द या पद्धतीने काढली असती, तर ती एकदाच काढावी लागली असती.

वक्रांचे गणित रेखनाच्या नव्हे, तर मोटारींच्या कारखान्यांतून आले. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलझो यांनी १९५९ मध्ये वक्र रेखाटण्याची एक रीत शोधली. कंपनीने ती गुप्त ठेवली. रनो कंपनीतील पीएर बेझ्ये यांनी स्वतंत्रपणे केलेले कार्य १९६० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले व वक्रास त्यांचेच नाव मिळाले. द कास्तेलझो यांचा वाटा पुढे मान्य झाला, परंतु नाव काही बदलले नाही. नित्य वापरातील बेझ्ये वक्रास चार बिंदू लागतात : दोन टोकांचे व दोन नियंत्रणाचे. टोकापासून लगतच्या नियंत्रण बिंदूकडे जाणारी रेषा ही तेथील स्पर्शिका असते. वक्र दुभंगण्यासाठी या चार बिंदूंना क्रमाने जोडणाऱ्या तीन रेषाखंडांचे मध्यबिंदू घ्यावयाचे. त्या तिन्हींमधील दोन रेषाखंडांचे पुन्हा मध्यबिंदू घ्यावयाचे. आणि शेवटी त्या दोहोंचा मध्यबिंदू. हा अखेरचा बिंदू मूळ वक्रावरच पडतो आणि वाटेत मिळालेले बिंदू दोन्ही तुकड्यांचे नवे नियंत्रण बिंदू ठरतात. दोन तुकडे मिळून होणारा वक्र मूळ वक्राहून तसूभरही निराळा नसतो. पैनगंगेच्या एखाद्या वळणावर नवा बिंदू घातला, तरी नदी जागची हलत नाही, ते यामुळेच.

अडोबी कंपनीच्या ‘पोस्टस्क्रिप्ट’ या भाषेने १९८४ मध्ये हे वक्र मुद्रणात आणले. त्याच वर्षी मॅकिंटॉश संगणक व त्यावरील ‘मॅकड्रॉ’ ही रेखन-आज्ञावली आली. त्या संगणकाची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती. मॅकड्रॉमध्ये प्रत्येक आकृती कागदाच्या कातरलेल्या तुकड्याप्रमाणे स्वतंत्र असे : उचलावी, दुसरीवर ठेवावी, खाली सारावी. शिकण्यास ही कल्पना फार सोपी होती आणि तिच्या यशाचे श्रेय या सोपेपणालाच द्यावे लागेल. तथापि सामाईक बिंदूची कल्पना येथे मागे पडली. रॉबर्ट गॅस्किन्स व डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट या कंपनीत घडविलेली ‘पॉवरपॉइंट’ एप्रिल १९८७ मध्ये याच संगणकासाठी विक्रीस आली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. स्वतंत्र तुकड्यांची कल्पना तिच्यातही कायम राहिली.

विभाजनाची साधने बऱ्याच उशिरा आली. पॉवरपॉइंटच्या २०१० च्या आवृत्तीत संयोग, छेद व वजाबाकी या क्रिया होत्या, पण नेहमीच्या पट्टीवर त्या दिसत नसत. २०१३ च्या आवृत्तीत त्या उघड मांडण्यात आल्या आणि ‘फ्रॅगमेंट’ ही खंडनाची क्रिया त्यांना जोडली गेली. एकमेकींवर अंशतः पडलेल्या दोन आकृत्यांचे खंडन केल्यास तीन तुकडे मिळतात : केवळ पहिलीचा, केवळ दुसरीचा व दोहोंत समाईक असलेला. निकालास रंग मात्र प्रथम निवडलेल्या आकृतीचा येतो. जर्मनीतील ‘स्टारऑफिस’पासून ओपनऑफिस (२०००) व त्यापासून लिबरऑफिस (२०१०) अशी निघालेली शाखा मुक्त आहे. तीत संयोग, छेद व वजाबाकी यांखेरीज निवडलेल्या बिंदूपाशी वक्र तोडण्याचीही सोय आहे. मात्र संवृत आकृती अशी तोडली की ती विवृत होते व तिच्यातील रंग नाहीसा होतो. नवशिक्यास हा दोष वाटतो. वस्तुतः ज्या रेषेला आतबाहेर उरले नाही, तीत रंग भरणार कोठे?

यवतमाळच्या आराखड्यात प्रत्येक तालुका निराळा काढल्यास पुसद व महागाव यांची हद्द दोनदा काढली जाते. दोन रेषांमध्ये कोठे फट राहते, कोठे एक तालुका दुसऱ्यावर चढतो. म्हणून जिल्ह्याची बाह्यरेषा एकदाच काढावी, तिची प्रत राखून ठेवावी व मग खंडन करीत जावे. १९०५ मध्ये वणी (वून) जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले व वाशीम जिल्हा मोडल्याने पुसद तालुका त्यात आला, तेव्हा एकूण पाच तालुके होते. तेथपासून आरंभ करून क्रमाने सोळांपर्यंत आल्यास स्लाइडवर प्रशासकीय इतिहासही उलगडतो. पण खंडनानंतर तुकडे परस्परांना ओळखत नाहीत. पुसदच्या हद्दीवरील बिंदू सरकविला, तर महागावची हद्द जागीच राहते.

नकाशाशास्त्राने येथे वेगळा मार्ग धरला. अमेरिकेच्या १९७० च्या जनगणनेसाठी तयार झालेल्या ‘डाइम’ या पद्धतीत प्रत्येक रेषाखंड एकदाच नोंदला जाई व त्याच्या डाव्या-उजव्या बाजूस कोणते क्षेत्र आहे हेही सोबत लिहिले जाई. भौगोलिक माहिती प्रणालींनी ही कल्पना पुढे वाढविली. शेतजमिनीच्या पोटहिश्श्यांतही दोन हिस्स्यांमधील बांध एकच असतो व हिश्श्यांची बेरीज मूळ क्षेत्राशी जुळावी लागते. ते काम जागेवरील मोजणीचे आहे. स्लाइडवरील तुकड्यांना क्षेत्रफळ नसते, केवळ रुंदी व उंची असते. त्यामुळे हद्दीच्या वादात किंवा वाटणीच्या बैठकीत असा आराखडा दाखविताना त्यावर ‘प्रमाणबद्ध नाही’ असे लिहिणे आवश्यक ठरते.