तळटीप: परळीचे मनोरे

१. लेखकाला परळी वैजनाथच्या वीजकेंद्रात ज्या बुटक्या, कंबरेत आवळलेल्या मनोऱ्यांतून ‘धूर’ निघताना दिसला, ती धुराडी नव्हेत. ते शीतलन मनोरे. कोळशाचा धूर शेजारच्या उंच चिमणीतून जातो. केंद्रात पाण्याचे दोन फेरे चालतात. बॉयलरमधले पाणी क्षार काढून शुद्ध केलेले असते. त्याची वाफ टर्बाइन फिरवते आणि कंडेन्सरमधल्या थंड नळ्यांवर पुन्हा पाणी होऊन बॉयलरकडे परतते. ही वाफ हवेत सोडून का देत नाहीत? एक तर इतके शुद्ध पाणी महाग पडते. शिवाय वाफेचे पाणी होताना कंडेन्सरमध्ये जवळजवळ निर्वात स्थिती येते आणि त्याच वाफेतून टर्बाइनला जास्त काम मिळते. नळ्यांच्या आतून वाहणारे पाणी वेगळे. ते तापले की मनोऱ्यात शिंपडले जाते. थोडे उडून जाते आणि बाकीचे थंड करून जाते. उडते ते निव्वळ पाणी, क्षार मागे उरतात. म्हणून काही पाणी अधूनमधून काढून टाकावे लागते. ते बहुधा राख वाहून न्यायला वापरतात. ही घट रोज भरून काढावी लागते. परळीची भिस्त गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यावर. २०१३ च्या दुष्काळात तो आटला आणि कोळसा असूनही केंद्र बंद ठेवावे लागले. (लेखकाची भेट त्याआधीची.) ही घट सांडपाण्यानेही भरून काढता येते: कोराडीच्या केंद्राला आता नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मिळते.